मेंदूविषयींचें ज्ञान व आमचें ऋण

मनुष्याच्या शरीरांतील बहुतेक अवयवांचें कार्य त्यांच्या घडणीवरून थोडेंबहुत ताडतां येतें. हृदय चिरून पाहिलें म्हणजे त्याच्या झडपा दिसतात, आणि रक्त एकाच दिशेनें कां वाहतें हें समजतें. मेंदूची गोष्ट तशी नाहीं. सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा तो मऊ गोळा कितीही बारकाईनें कापून पाहिला, तरी तो काय करतो हें त्याच्या रूपावरून कळत नाहीं. म्हणूनच त्याच्या ज्ञानाचा इतिहास निराळ्या वाटेनें गेला आहे. या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईंत आहे, याची जाणीव मराठी वाचकांस असावी तितकी नाहीं, असें आम्हांस वाटतें.

चरकसंहितेंत शिराला उत्तमांग म्हटलें आहे, परंतु चेतनेचें स्थान हृदय मानलें आहे. भेलसंहितेंत मात्र मनाचें स्थान मस्तक व टाळू यांच्या मध्यें सांगितलें आहे. ग्रीकांमध्येंही हाच वाद होता: हिपॉक्रेटसच्या परंपरेंतील वैद्य मेंदूच्या बाजूचे, तर ॲरिस्टॉटल हृदयाच्या बाजूचा. सुश्रुतानें शवपरीक्षेची जी रीत सांगितली, तींत शव सात रात्री वाहत्या पाण्यांत ठेवून मग कुंचल्यानें घासून थरावर थर पाहावयाचे. या रीतीनें स्नायू व हाडें कळत. मेंदूसारखा मऊ पदार्थ त्यांत टिकणें कठीणच. पुढें १८४५ सालीं मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें, आणि १८५१ सालीं भाऊ दाजींसारखे विद्वान तेथून पहिल्या तुकडींत बाहेर पडले. शवविच्छेदन आमच्या लोकांच्या हातीं आलें. पण शव बोलत नाहीं आणि चालतही नाहीं. तेव्हां मेंदूची रचना कळली तरी त्याचें कार्य झांकलेलेंच राहिलें.

तें उलगडलें रोग्यांमुळें. १८६१ सालीं पॅरिसमध्यें ब्रोका यानें एका रोग्याचा मेंदू तपासला. हा मनुष्य ऐकलेलें समजत असे, परंतु एका अक्षरापलीकडे त्यास बोलतां येत नव्हतें. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढील भाग बिघडलेला आढळला, आणि वाणीचें स्थान कळलें. लहान मेंदू हालचालींचा मेळ राखतो, हें फ्लूरां यानें १८२४ च्या सुमारास कबुतरांवरील प्रयोगांनीं दाखविलें होतें. माणसांत त्याचें बारकाईचें वर्णन गॉर्डन होम्स यानें पहिल्या महायुद्धांत डोक्याच्या मागील भागीं गोळी लागलेल्या सैनिकांवरून केलें. एकाचें दुःख तें दुसऱ्याचें ज्ञान, असा हा व्यवहार आहे.

आतां मुंबईकडे वळूं. डॉ. नोशीर वाडिया हे ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. विलायतेंत मज्जारोगांचा अभ्यास करून ते १९५७ सालीं परतले आणि जे. जे. रुग्णालयांत त्या रोगांचा विभाग त्यांनीं उभारला. १९७१ सालीं त्यांनीं व डॉ. स्वामी यांनीं ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकांत नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. या रोग्यांची चाल झोकांड्या खाणारी व वाणी अडखळती होती. लहान मेंदूच्या रोगांत हें नेहमींचेंच. परंतु त्यांचे डोळेही एका वस्तूवरून दुसरीवर अति मंदपणें सरकत, ही गोष्ट नवी होती.

या मंदपणाचें मर्म असें. वाचक ही ओळ वाचीत असतां त्याचे डोळे सरळ सरकत नाहींत. ते उड्या घेतात. मोठ्या उडीचा वेग सेकंदास कित्येक शें अंश असतो. ही उडी घडविणाऱ्या पेशींचा लहानसा समूह मेंदूच्या देठांत असतो. लहान मेंदूबरोबर तोही झिजला म्हणजे उडी संपते आणि डोळा रांगूं लागतो. मग पाहणारा नजरेऐवजीं मानच वळवितो. तेव्हां केवळ डोळ्यांकडे पाहून रोग मेंदूंत कोठवर पोंचला हें वैद्यास सांगतां येऊं लागलें.

१९९६ सालीं या रोगाचें मूळ बाराव्या गुणसूत्रावर सांपडलें. तेथील एका जनुकांत तीन अक्षरांचा एक तुकडा साधारणतः २२ वेळां येतो. तो ३३ किंवा अधिक वेळां आला म्हणजे रोग होतो. आईबापांपैकीं एकास रोग असला तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि पुढील पिढींत तो पुष्कळदां लवकर गांठतो. क्यूबांतील ओल्गीन प्रांतांत या रोगाचीं घराणींच्या घराणीं आहेत. त्यास समूळ घालविणारें औषध अद्याप नाहीं.

मग या ज्ञानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, औषधाच्या आधीं नांव लागतें. देवळा, कळवण, सटाणा यांसारख्या कोणत्याही गांवीं आठवड्याच्या बाजारांत तोल जात चालणारा मनुष्य दिसला, तर पाहणारा त्यास दारूबाज ठरवून मोकळा होतो. एकाच घरांत बाप व मुलगा असे दिसले, तर त्या घरास शाप लागला म्हणतो. ज्यानें थेंबही घेतला नाहीं, त्यानें ही निंदा आयुष्यभर सोसावी, हें रोगाइतकेंच दारुण आहे. तोल हा केवळ शुद्धीचा प्रश्न नसून डोक्याच्या मागील भागांतील एका अवयवाचें काम आहे, एवढें जरी लोकांस समजलें तरी हा अन्याय पुष्कळ टळेल.

त्या नऊ कुटुंबांनीं आपलें दुःख वैद्यांपुढें उघडें केलें, म्हणून जगास हा रोग ओळखतां आला. शास्त्राच्या इतिहासांत वैद्यांचीं नांवें राहतात, रोग्यांचीं राहत नाहींत. तीं राहूं नयेत हेंच उचितही आहे. परंतु नांव नसलें म्हणून ऋण फिटत नाहीं. झोकांडी खाणाऱ्या माणसास हंसण्यापूर्वीं त्यास हात देणें, ही त्या ऋणाची पहिली फेड होय.