जमिनीचा तंटा हाताळण्याच्या पाच रीती
महापे ते जासई : नवी मुंबईचा धडा

एकाच जमिनीवर दोन समूहांची गरज उभी राहिली की तंटा अटळ असतो. त्याचे पर्यवसान मात्र तो कोणत्या रीतीने हाताळला जातो, यावर ठरते. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ मध्ये अशा पाच रीती मांडल्या : बळजोरी, टाळाटाळ, नमते घेणे, तडजोड आणि सहकार्य. स्वतःच्या मागणीचा आग्रह किती आणि दुसऱ्याच्या गरजेची कदर किती, या दोन कसोट्यांवर ही विभागणी केलेली आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे हे आगरी-कोळी वस्तीचे गाव. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने या पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या. आज गावठाणाच्या आसपास कारखाने आणि मिलेनियम बिझनेस पार्कसारखी संगणक क्षेत्रातील कंपन्यांची संकुले आहेत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. भातशेती आणि मिठागरे गेली. गावठाणे तेवढी उरली.

बळजोरी आणि टाळाटाळ

मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या पोलिस गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. बळजोरीने निर्णय लवकर लागतो, अशी समजूत असते. प्रत्यक्षात या घटनेने प्रश्न मिटला नाही. संघर्षाला हुतात्मे मिळाले आणि तो पुढील पिढीकडे गेला.

टाळाटाळीची किंमत संथपणे मोजावी लागते. कुटुंबे वाढली, परंतु गावठाणांचा विस्तार वेळेवर झाला नाही. गावठाणाबाहेर उभी राहिलेली घरे ग्रामस्थांच्या लेखी 'गरजेपोटी बांधलेली', तर प्राधिकरणांच्या लेखी अनधिकृत ठरली. ती नियमित करण्यासाठी २०१० आणि २०२२ मध्ये शासनाला निर्णय घ्यावे लागले.

नमते घेणे आणि तडजोड

एका पक्षाचे नुकसान अल्प आणि दुसऱ्याचा जिव्हाळा मोठा असेल, तेथे नमते घेणे शहाणपणाचे असते. गावदेवीची जागा, होळीचे मैदान वा स्मशानाची वाट सोडल्याने नगररचना कोलमडत नाही. उपजीविकेच्या प्रश्नात मात्र दुर्बल पक्षाला नमते घ्यायला लावणे म्हणजे सौम्य रूपातील बळजोरीच होय.

१९९० ची साडेबारा टक्के योजना हे तडजोडीचे ठळक उदाहरण. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राचे विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याचे ठरले. शासनाला शहर आणि शेतकऱ्याला शहरातील वाटा मिळाला. मात्र सार्वजनिक सुविधांसाठी त्यातील पावणेचार टक्के वळते होत असल्याने हातात पावणेनऊ टक्केच पडतात. वादाचा नवा मुद्दा तेथूनच निघाला. तडजोडीत प्रमाण ठरते. अंमलबजावणीचा विश्वास वेगळा कमवावा लागतो.

सहकार्याची वाट

विमानतळासाठी दहा गावांच्या बाबतीत वाटाघाटींनंतर २०१४ मध्ये साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा पर्याय देण्यात आला. सर्व आक्षेप त्याने संपले नाहीत. तरीही १९८४ च्या तुलनेत ही वाट सहकार्याच्या अधिक जवळची होती. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने १८९४ च्या कायद्याची जागा घेतली आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास व काही प्रकल्पांत बाधितांची संमती आवश्यक केली.

'जमीन देणार नाही' ही भूमिका असते. तिच्यामागे घर, रोजगार आणि गावाची ओळख यांची काळजी असते. भूमिकेशी झुंजण्याऐवजी त्या काळजीला उत्तर शोधणे, हे सहकार्याचे मर्म. त्यास वेळ लागतो, म्हणून ते टाळले जाते. परंतु संपादनापूर्वी वाचवलेली वर्षे संपादनानंतर कितीतरी पटींनी खर्ची पडतात, हे नवी मुंबईने अर्धशतकात अनुभवले आहे.