खुतब्यातली बारा नावं

किल्ले धारूरच्या तीन बाजूंना बालाघाटाची दरी आहे आणि उरलेल्या बाजूला खंदक. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी याने १५६७च्या सुमारास निजामशाही मुलखाच्या छातीवर हा किल्ला उभा केला आणि भोवतालचा महसूलही गोळा करायला लागला. दोनेक वर्षांत मूर्तझा निजामशहा स्वतः चालून आला. इतिहासकार फरिश्ता लिहितो की किश्वरखानाच्या उद्धट पत्राने तो असा पेटला, की किल्ल्यात शिरल्याखेरीज घोड्यावरून उतरणार नाही म्हणाला. वरून मारा चालू असताना तो थेट दरवाजावर गेला. तेवढ्यात किश्वरखानाला बाण लागला, आणि धनी पडल्यावर शिबंदीने पळ काढला.

या लढाईत दोन्ही बाजूंचे सुलतान शिया होते. विजापुरात आणि अहमदनगरात शुक्रवारच्या नमाजाआधी मिंबरावरून जो खुतबा वाचला जाई, त्यात अलीपासून महदीपर्यंत त्याच बारा इमामांची नावं घेतली जात. पंथ एक म्हणून धारूरचा बाण काही थांबला नाही. ही बारा नावं दख्खनच्या मिंबरावर चढली कशी, आणि कितीदा उतरली, याचा माग काढला की दरबारात धर्म कशाकशाला बांधलेला होता ते दिसू लागतं.

पहिल्यांदा ती चढवली विजापूरच्या युसुफ आदिलशहाने, १५०२च्या सुमारास. इराणात शाह इस्माईल सफवीने शियापंथाला राजपंथ केल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शेजारचे सुन्नी सत्ताधीश एकत्र येऊन युसुफवर उठले, त्याला राजधानी सोडावी लागली, काही काळ खुतबा पूर्ववत करावा लागला. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याने घरच्या सुन्नी सरदारांशी केलेली तडजोड: आपापल्या जहागिरीत त्यांनी आपल्या रीतीने अजान द्यावी, कोणी आडवं येणार नाही. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८मध्ये नांतचं फर्मान काढून प्रोटेस्टंटांना ठरावीक गावांत आणि त्यांच्या उमरावांच्या वाड्यांत उपासनेची मुभा दिली, त्याच जातीची ही तोड आहे, आणि जवळजवळ शंभर वर्षं आधीची. हेन्रीने तिथवर पोचायच्या आधी फ्रान्सने छत्तीस वर्षं आपसात कत्तली केल्या. धारूर पडल्यावर तीनच वर्षांनी, १५७२च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसात प्रोटेस्टंटांची प्रेतं सीन नदीत टाकली जात होती.

युसुफचा मुलगा इस्माईल याने शिपायांच्या डोक्यावर बारा टोकांची लाल टोपी चढवली, इराणी फौजेसारखी. इथून पंथ डोळ्यांना दिसू लागला, आणि पगाराशीही जोडला गेला. १५३४मध्ये पहिला इब्राहिम गादीवर आला तेव्हा त्याने खुतब्यातली नावं काढली, टोपी बंद केली आणि परदेशी शिपायांना मोठ्या संख्येने निरोप दिला. त्यांच्या जागी दख्खनी आणि हबशी आले. हिशेबाचे कागद फारसीतून देशी भाषेत गेले, ब्राह्मण कारकुनांच्या हाती आले. मराठी दप्तराचा इतिहास सांगताना या मिंबरावरच्या बदलाची आठवण क्वचितच काढली जाते. ती काढायला हवी. १५५८मध्ये पहिल्या अली आदिलशहाने नावं पुन्हा चढवली, आणि दुसऱ्या इब्राहिमच्या लहानपणी त्याच्या कारभाऱ्यांनी ती पुन्हा उतरवली.

अहमदनगरची गोष्ट शाह ताहिरची. इराणात जिवावर बेतलं म्हणून तो १५२०मध्ये हिंदुस्थानात आला होता. त्याच्याच शब्दावर बुऱ्हाण निजामशहाने १५३७मध्ये शियापंथ स्वीकारला आणि शहरात त्याच्यासाठी मदरसा बांधला. तो आजचा बारा इमाम कोठला. पीर मोहम्मद नावाच्या मौलवीने चिडलेल्या लोकांना घेऊन किल्ला घेरला. बुऱ्हाणने त्याला पकडलं, मारलं नाही, कैदेत ठेवलं आणि काही वर्षांनी सोडलं. परागंदा झालेल्या माणसाने राजाला नवा पंथ द्यावा आणि त्यापायी दुसऱ्याने तुरुंगात बसावं, याचं वाईट वाटतं. तरी मान शाबूत राहिली, एवढं त्या काळाच्या हिशेबात कमी नाही.

पन्नास वर्षांनी ते भान सुटलं. १५८८मध्ये मिरान हुसेन बाप मूर्तझाला मारायला महालात घुसला, तेव्हा पहाऱ्यावर फरिश्ता होता. शाळासोबती म्हणून वाचला. पुढल्या वर्षी जमालखानाच्या दख्खनी लोकांनी शहरात परदेशी लोकांची कत्तल केली. मूळ भांडण नोकऱ्यांचं आणि मानाचं, पण परदेशी बहुतेक शिया असल्याने पंथ त्यात ओढला गेला. फरिश्ता विजापूरला निघून गेला आणि तिथे बसून त्याने आपला इतिहास लिहिला. धारूरच्या दरवाजाची हकीकत आपल्याला कळते ती अशा निर्वासिताच्या लेखणीतून.

जमालखान महदवी होता, जौनपूरच्या सय्यद मुहम्मदाला महदी मानणारा. अहमदनगरचा बालराजा इस्माईल निजामशहा याच्या नावाने त्याने महदवी पंथच राजपंथ केला. १५९१मध्ये इस्माईलचाच बाप, दुसरा बुऱ्हाण, रोहणखेडला जिंकला, जमालखान पडला, बारा नावं परत आली आणि महदवींना शोधून मारण्यात आलं. दख्खनच्या या साऱ्या उलथापालथीत मला सर्वांत जड जाते ती हीच नोंद. हरलेल्या सरदाराबरोबर त्याच्या पंथाच्या साध्या माणसांनाही धरलं गेलं.

१६३१मध्ये धारूर मोगलांकडे गेलं. १६३६मध्ये शाहजहानने गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाकडून तहातच लिहून घेतलं की बारा इमाम आणि इराणचा शहा यांची नावं खुतब्यातून काढायची, चार खलिफांची आणि बादशहाचं घालायचं. नावं आता शरणागतीचं कलम झाली होती. पण तहाने मशिदीतला खुतबा बदलला. रयतेच्या माजघरात शिपाई शिरला नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नेमकं तेच केलं. १६८१पासून त्याचे घोडेस्वार प्रोटेस्टंट घरांत मुक्कामाला घातले गेले, घरधनी कॅथलिक होईपर्यंत खायला-प्यायला आणि छळायला. १६८५मध्ये त्याने आजोबा हेन्रीचं नांतचं फर्मान रद्द केलं. पाद्र्यांना पंधरा दिवसांत देश सोडायला सांगितलं, इतरांना देश सोडायलाही बंदी. तरी सुमारे दोन लाख लोक निसटले. औरंगाबाद-नांदेडच्या वाटेने गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी गेलेला आणि लुईला तो प्रसिद्ध निळा हिरा विकलेला ताव्हर्निये हाही प्रोटेस्टंटच. राजाने सरदारकी दिलेला हा म्हातारा १६८९मध्ये मॉस्कोत वारला.

आदिलशाही १६८६त गेली, कुतुबशाही त्यापुढच्या वर्षी. बारा नावं वाचायला लावणारा सुलतान दख्खनमध्ये उरला नाही. मोहरममध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कोठल्यातून सवारी निघते, तेव्हा नवस फेडायला सुन्नी येतात, हिंदू येतात. आणि शियाचं एकही घर नसलेल्या मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत पंजे बसतात, त्यांचा मान पिढ्यान्‌पिढ्या हिंदू घरांकडेही आहे.