आलेखात न दिसणारं वऱ्हाड

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर जा. दोन देश निवडा, दरडोई उत्पन्न निवडा. पडद्यावर दोन रेघा उमटतात. त्या जवळ येत असतील तर मागचा देश पुढच्याला गाठतोय, लांब जात असतील तर दरी वाढतेय. याला कन्व्हर्जन्स म्हणतात. सोपं वाटतं ना? पण 1986 मध्ये विल्यम बॉमोल यांनी 16 देशांचे जुने आकडे घेऊन दरी मिटतेय असं दाखवलं, तेव्हा दोनच वर्षांनी ब्रॅडफर्ड डीलाँग म्हणाले, अहो, तुम्ही आज श्रीमंत असलेलेच देश निवडलेत! म्हणजे काय निवडता, त्यावर उत्तर ठरतं.

आता त्या यादीत अमरावती शोधा, अकोला शोधा. नाही सापडणार. तिथे भारताची एकच रेघ असते.

पण आपल्याकडे हे मोजमाप झालंय, बरं का. आणि तेही इंटरनेटच्या आधी.

28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. एकत्र राज्य झालं तर निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, असं त्यात ठरलं. ही पहिली मोजपट्टी. 1960 ला महाराष्ट्र झाला, तरी तक्रार मिटली नाही. मग 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. त्यांची पद्धत साधी होती. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज अशा प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते बघायचं आणि ती तूट भरायला किती रुपये लागतील ते मांडायचं. या तुटीलाच आपण अनुशेष म्हणतो.

1984 च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के. दहा वर्षांनी, 1994 च्या स्थितीवर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा हिशेब केला, तेव्हा आकडा 14,007 कोटींच्या घरात गेला. आता किमती वाढल्या, हे मान्य. पण वाटा बघा: विदर्भाचा 47 टक्के! महागाईने रक्कम फुगते, वाटा फुगत नाही. दरी मिटत नव्हती, ती विदर्भाकडे सरकत होती.

अडचण अशी की सरासरी जागेवर थांबत नाही. आपण धावतो तेव्हा तीही पुढे धावते.

आणि खरी गोम पुढेच आहे. सिंचनाचा पैशातला अनुशेष पुढे कागदावर संपला. हेक्टरमधला मात्र उरला, आणि तो मुख्यतः अमरावती विभागात: अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम. रुपये पोचले, पाणी नाही पोचलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीला पाणी लागलं तरी खारं, पिकाला चालत नाही. हा खारेपणा राज्याच्या सरासरीत कुठे दिसणार?

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणायचे आपले आजे. तेव्हा कापसाचा भाव थेट मँचेस्टरपर्यंत जोडलेला होता. त्याच कापसाला आज वेळेवर एक पाणी मिळालं तर पीक हाती लागतं, नाही तर वर्ष वाया जातं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आलेख काढणारं साधन कसं चालतं, हे मला ठाऊक आहे: जे एकक दिलं, तेच ते मोजतं. रुपये दिले तर रुपये. त्यामुळे कुणी 'अनुशेष संपला' असं सांगितलं, तर एकच विचारा: कशात मोजला, भाऊ? रुपयांत की हेक्टरमध्ये?

पुढच्या भागात भेटूच. येतो मग!