चार आण्यांची वस्तू, बारा आण्यांचे वेष्टन

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण स्वयंपाकघरात जन्मली. मात्र आज ती सर्वाधिक शोभते ती दारात येऊन पडणाऱ्या कुरिअरच्या खोक्याला. बोटभर लांबीची शाईची कुपी, तिची छापील डबी, डबीभोवती फुग्याफुग्यांचे प्लास्टिक, त्याबाहेर पुठ्ठ्याचे खोके, खोक्यात उरलेली पोकळी भरण्यासाठी चुरगाळलेला कागद आणि सर्वांवरून दोन वेळा फिरवलेली चिकटपट्टी. वस्तू बाहेर काढण्यास पाच मिनिटे लागतात आणि नंतर उरलेला पसारा वस्तूच्या अनेक पट असतो. घरबसल्या खरेदीची सोय निर्विवाद आहे. तिची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न मात्र खोक्याबरोबर केराच्या डब्यात जातो.

खोके मोठे का असते?

अतिरिक्त वेष्टन हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. त्यामागे व्यापाराचा हिशेब आहे. गोदामात हजारो प्रकारच्या वस्तू असतात, खोक्यांचे आकार मात्र मोजकेच ठेवलेले असतात. प्रत्येक वस्तूच्या मापाचे खोके ठेवायचे तर साठवणुकीचा खर्च वाढतो आणि योग्य खोके शोधण्यात कामगाराचा वेळ जातो. त्यामुळे हाताशी असलेल्या खोक्यांपैकी वस्तू सहज मावेल असे खोके उचलले जाते आणि उरलेली जागा कागदाने किंवा हवेच्या पिशव्यांनी भरली जाते.

दुसरे कारण प्रवासाचे. दुकानात जाणारा माल बहुधा एकाच प्रकारच्या वस्तूंच्या गठ्ठ्यांनी जातो. ऑनलाइन मागवलेली वस्तू एकटी प्रवास करते. गोदाम, वर्गीकरण केंद्र, मालमोटार, शहरातील वितरण केंद्र आणि अखेरीस दुचाकीस्वाराची पाठीवरची पिशवी अशा टप्प्यांत ती अनेक हातांतून जाते, पट्ट्यांवरून घसरते, इतर पार्सलांखाली दबते. फुटलेली वस्तू परत घेणे, पैसे परत करणे आणि नवी पाठवणे यांचा खर्च पुठ्ठ्याच्या जादा थरापेक्षा कितीतरी अधिक असतो. त्यामुळे विक्रेता जादा वेष्टनाच्या बाजूने झुकतो. पर्यावरणाच्या दृष्टीनेही हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. काचेचे भांडे किंवा विजेचे उपकरण तयार होताना जी ऊर्जा आणि कच्चा माल लागतो, त्याच्या तुलनेत खोक्याचा वाटा लहान असतो. वेष्टन वाचवताना वस्तू फुटली, तर बचत कसली? परंतु हे फुटणाऱ्या वस्तूंना लागू आहे. पुस्तक, टॉवेल किंवा सदरा यांना हवेच्या गाद्यांवर निजवण्याचे कारण नाही.

हवेचे भाडे

मालवाहतुकीत वजनाइतकेच महत्त्व जागेला असते. म्हणून कुरिअर व्यवसायात ‘घनफळी वजन’ मोजण्याची पद्धत आहे. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्यास बहुधा ५००० ने भागायचे. येणारा आकडा किलोग्रॅममधील घनफळी वजन. प्रत्यक्ष वजन व घनफळी वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे आकारले जाते. एक किलो वजनाची वस्तू ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात घातली, तर तिचे घनफळी वजन ४.८ किलो भरते. तीच वस्तू २५ × २० × १० सेंटिमीटरच्या खोक्यात मावत असेल, तर ते एक किलोवर येते. उरलेल्या ३.८ किलोंचे भाडे निव्वळ हवेचे असते. अमेरिकेतील फेडएक्स व यूपीएस या कंपन्यांनी २०१५ पासून जमिनीवरून जाणाऱ्या लहान पार्सलांनाही ही पद्धत लागू केली, तेव्हा खोक्याचा आकार हा तेथील विक्रेत्यांच्या थेट खिशाचा प्रश्न बनला. वेष्टन कमी करण्यास सद्बुद्धीपेक्षा भाड्याचे दरपत्रक अधिक उपयोगी पडते, असा याचा अर्थ.

खोक्याचा आणि फुग्याचा जन्म

आज सर्वत्र दिसणारा नालीदार कागद मूळचा मालवाहतुकीसाठी नव्हताच. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले ते पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून आधार देण्यासाठी. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि दिव्यांच्या चिमण्या गुंडाळण्यासाठी त्याचा वापर सुचवला. दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद, एवढ्या साध्या रचनेमुळे हलके पण भक्कम खोके तयार होते. फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकची कथाही अशीच आहे. १९५७ मध्ये न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान हे दोघे भिंतीवर लावायचा उठावदार कागद तयार करू पाहत होते. तो प्रयत्न फसला. पण संगणकासारखी नाजूक यंत्रे पाठवताना तेच प्लास्टिक उपयोगी पडले आणि पुढे जगभर पसरले.

दुकान बरे की दारपोच?

ऑनलाइन खरेदी म्हणजे प्रदूषण आणि दुकानातील खरेदी म्हणजे पर्यावरणस्नेह, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. एडिंबरा येथील हेरिअट-वॉट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये ब्रिटनमधील खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुस्तकांसारखी एखादी लहान वस्तू व्हॅनने घरपोच देताना एका घरामागे सरासरी १८१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर ती आणण्यासाठी स्वतःची मोटार काढल्यास चार किलोहून अधिक, असे त्यांना आढळले. मोटारीने जाणाऱ्याने एका फेरीत २४ पेक्षा कमी वस्तू आणल्या, तर घरपोच सेवा सरस ठरण्याची शक्यता अधिक. बसने जाणाऱ्यासाठी हाच आकडा सात वस्तूंचा होता.

हे गणित मुंबई-पुण्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. दादर, ठाणे किंवा सदाशिव पेठेतील गृहिणी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चालत जाते; संध्याकाळी कार्यालयातून परतणारा नोकरदार स्टेशनबाहेरच भाजी घेतो. त्या फेरीचा पर्यावरणावरील भार जवळजवळ शून्य. अशा ग्राहकाने कोथिंबिरीच्या जुडीसाठी दुचाकीस्वार बोलावला, तर बेरीज उलटी होते. याउलट शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळणारे पुस्तक किंवा यंत्राचा सुटा भाग आणण्यासाठी मोटार काढण्यापेक्षा तो मागवणे शहाणपणाचे. थोडक्यात, दारपोच सेवेचा फायदा एका वाहनाने एकाच फेरीत अनेक घरे घेण्यावर अवलंबून असतो. काही मिनिटांत माल पोहोचवण्याचे आश्वासन दिले की ही एकत्र फेरी मोडते. पूर्वी आठवड्याची एक यादी होती, तिच्या जागी सात मागण्या आणि सात पिशव्या येतात.

वाण्याच्या जुन्या पद्धतीचे गुणगान करतानाही तारतम्य हवे. वर्तमानपत्राची पुडी आणि सुताचा दोरा हे वेष्टन स्वस्त व पुनर्वापराचे होते; पण छपाईची शाई अन्नात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई केली आहे. अन्न सुरक्षित ठेवणे, ते टिकवणे आणि त्यावरील माहिती ग्राहकापर्यंत पोहोचवणे ही वेष्टनाची खरी कामे आहेत. आक्षेप आहे तो या कामांपलीकडच्या थरांना.

परतीचा प्रवास

ऑनलाइन व्यवहाराचा एक खर्च ग्राहकाला सहसा दिसत नाही, तो परत जाणाऱ्या मालाचा. एकच सदरा तीन मापांत मागवायचा, एक ठेवायचा आणि दोन परत पाठवायचे, ही सवय अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली आणि भारतीय ग्राहकाचा ऑनलाइन खरेदीवर विश्वास बसला. त्याचबरोबर दारातूनच माल नाकारण्याची मुभाही आली. परत गेलेली प्रत्येक वस्तू दोनदा प्रवास करते आणि पुन्हा विकायची असेल तर बहुधा नव्याने बांधली जाते. ‘मोफत परतावा’ या शब्दांतील मोफतपणा फक्त ग्राहकापुरता असतो.

कागद निर्दोष आहे काय?

प्लास्टिकवर टीका वाढल्यावर कंपन्या कागदाकडे वळल्या. अॅमेझॉनच्या भारतातील गोदामांनी २०२० मध्ये, तर फ्लिपकार्टने २०२१ मध्ये आपल्या पॅकिंगमधून एकदाच वापरायचे प्लास्टिक हद्दपार केल्याचे जाहीर केले. अॅमेझॉनने उत्तर अमेरिकेत हवेच्या प्लास्टिक पिशव्यांपैकी ९५ टक्के पिशव्यांच्या जागी कागदी भराव आणल्याचे जून २०२४ मध्ये सांगितले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र हे बदल कंपन्यांच्या स्वतःच्या गोदामांपुरते असतात. त्यांच्या व्यासपीठावर विकणारे असंख्य छोटे विक्रेते माल स्वतः बांधतात, तेव्हा तो कसा बांधला जातो यावर एवढे लक्ष नसते.

शिवाय कागदालाही झाडे, पाणी आणि ऊर्जा लागते. त्याचा मोठा गुण असा, की त्याला बाजार आहे. पुठ्ठा रद्दीवाला विकत घेतो, कागद गिरण्या त्याचा लगदा करतात आणि तंतू आखूड होऊन निकामी होईपर्यंत तो पाच-सात वेळा नव्या रूपात येऊ शकतो. थर्मोकोल इतके हलके असते की गोणीभर गोळा करूनही हाती काही पडत नाही. कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटवलेली पाकिटे तर कोणालाच नको असतात, कारण दोन्ही पदार्थ वेगळे करण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून अधिक होतो.

या साखळीत सर्वांत खाली उभा असतो कचरावेचक. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम हाती घेतले. विकण्याजोगा सुका कचरा हे या कष्टकऱ्यांच्या उत्पन्नाचे साधन आहे. कोरडा पुठ्ठा त्यांना चार पैसे देतो. आमटीने भिजलेला पुठ्ठा किंवा मिश्र पाकीट मात्र केवळ ओझे बनते आणि अखेर कचराभूमीवर जाते. मुंबईत देवनारची कचराभूमी १९२७ पासून असाच भार वाहत आली आहे.

कायदा कोठवर पोहोचला?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. तुंबलेल्या नाल्यांतील प्लास्टिक पिशव्यांकडे तेव्हा सर्वांचे लक्ष गेले. २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा केला आणि त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार, तर तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांची कैद अशी शिक्षा तीत होती. मात्र उत्पादनाच्या ठिकाणीच वस्तूभोवती येणारे वेष्टन बंदीतून वगळण्यात आले.

देशपातळीवर २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. ऑनलाइन कंपन्यांच्या अतिरिक्त प्लास्टिकविरुद्ध २०१९ मध्ये एका अल्पवयीन विद्यार्थ्याच्या वतीने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागण्यात आली; तेव्हा ही जबाबदारी या कंपन्यांवरही आहे, अशी भूमिका केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये घेतली. फेब्रुवारी २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी उद्दिष्टांचे आकडेही ठरवले : २०२१-२२ साठी २५ टक्के, २०२२-२३ साठी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के.

हे सर्व नियम विचारतात ते प्लास्टिकचे पुढे काय झाले. खोके मुळात एवढे मोठे का, हा प्रश्न इतर काही देशांनी विचारला आहे. जर्मनीने १९९१ मध्येच अध्यादेश काढून वस्तूवरचे बाहेरचे वेष्टन दुकानातच सोडून जाण्याचा हक्क ग्राहकाला दिला. दक्षिण कोरियात घरपोच पार्सलमधील रिकामी जागा ५० टक्क्यांहून अधिक नसावी, हा नियम ३० एप्रिल २०२४ पासून आला. तयारीसाठी त्यात दोन वर्षांची सवलत ठेवण्यात आली. युरोपीय महासंघाचा नवा वेष्टन कायदा ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अस्तित्वात आला. ऑनलाइन पार्सलमधील रिकाम्या जागेवर ५० टक्क्यांची मर्यादा घालण्यासाठी त्याने २०३० हे वर्ष ठरवले आहे.

ग्राहकाच्या हाती काय?

पुढील गोष्टींना खर्च लागत नाही.

• निकड नसलेल्या वस्तू यादीत साठवून एकदम मागवाव्यात. ‘सर्व वस्तू एकत्र पाठवा’ हा पर्याय असल्यास तो निवडावा.

• कपडे व पादत्राणे यांचे माप टेपने घेऊन मगच मागणी नोंदवावी.

• चालत जाण्याच्या अंतरावर मिळणारी वस्तू चालत जाऊन आणावी. कापडी पिशवी बरोबर असावी.

• खोक्यावरील नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी फाडून नष्ट करावी. चिकटपट्टी काढून खोके सपाट करावे आणि कोरडे असतानाच रद्दीत द्यावे.

• अवाजवी वेष्टन आल्यास छायाचित्रासह विक्रेत्याकडे तक्रार नोंदवावी. वस्तूच्या दर्जाबरोबर वेष्टनाबद्दलही अभिप्राय लिहावा. इतर ग्राहक तो वाचतात.

तरीही सर्व भार ग्राहकाच्या विवेकावर टाकणे न्याय्य नाही. खोके निवडतो विक्रेता, ते उचलते महापालिका आणि निवडते कचरावेचक. या तिघांपैकी ज्याच्या हाती निर्णय आहे, त्याच्याकडेच खर्च गेला तर खोके आपोआप लहान होईल. हे अशक्य नाही, याचा दाखला मुंबईकरांना रोज दिसतो. १८९० पासून डबेवाले या शहरात घरपोच अन्नाची ने-आण करत आहेत. त्यांच्या व्यवस्थेत वेष्टन म्हणजे डबा. तो भरलेला जातो, रिकामा परत येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. त्यातून रस्त्यावर टाकण्याजोगे काहीच उरत नाही.