शाक्यमुनी : आख्यायिका आणि इतिहास

गौतम बुद्ध नावाचा पुरुष या भूमीवर खरोखर होऊन गेला काय, हा प्रश्न आज आपणांस चमत्कारिक वाटेल. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही नावे आपल्या परिचयाची आहेत. नोकरीधंद्यानिमित्त उत्तर हिंदुस्थानात वसलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांनी मुलाबाळांना घेऊन ही स्थळे पाहिलीही असतील. परंतु एकोणिसाव्या शतकात युरोपातील थोर पंडितांनी हा प्रश्न गंभीरपणे विचारला होता, आणि त्यांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही.

होरेस हेमन विल्सन हे संस्कृतचे गाढे अभ्यासक. १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात त्यांनी नावांवरच बोट ठेवले. आई माया, वडील शुद्धोदन, म्हणजे शुद्ध अन्नाचे धनी, पुत्र सिद्धार्थ, आणि नगर कपिलवस्तू, म्हणजे सांख्यकार कपिलांचे स्थान! हे चरित्र नसून रूपक असावे, असे त्यांना वाटले. पुढे १८७५ मध्ये एमील सेनार या फ्रेंच पंडितांनी बुद्धकथेतील चमत्कारांचा मेळ सूर्यकथांशी घातला, आणि हॉलंडचे हेन्ड्रिक केर्न तर त्याही पलीकडे गेले. त्यांच्या लेखी बुद्ध म्हणजे प्रत्यक्ष सूर्यनारायणच. (या पद्धतीने कोणाचेही चरित्र आकाशात नेऊन ठेवता येईल, हा भाग निराळा.) जर्मन पंडित हेर्मान ओल्डेनबेर्ग यांनी १८८१ साली पाली ग्रंथांच्या आधारे या मताचा समाचार घेतला. तथापि ग्रंथावरील शंकेला ग्रंथानेच दिलेले उत्तर अपुरे असते. दगडाची साक्ष हवी होती.

ती १८९६ च्या डिसेंबरात मिळाली. नेपाळच्या तराईत रुम्मिनदेई येथील एका स्तंभाभोवतीची माती काढताच अशोकाचा लेख उघडा पडला. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी राजा स्वतः येथे आला, त्याने पूजा केली, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून स्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाला करात सूट दिली, असा त्याचा आशय आहे. मला यातील करमाफी फार मोलाची वाटते. कवी स्वर्गातून पुष्पवृष्टी करवितो. सरकारी फर्मानात मात्र महसुलाचा हिशेब असतो. अशोकाच्या दरबाराला हे गाव एका प्रत्यक्ष मनुष्याचे जन्मस्थान म्हणून ठाऊक होते, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

पण त्याहून अधिक काय सिद्ध होते? येथे जरा थांबावे लागते. लुंबिनीच्या आधीच वर्षभर, १८९५ मध्ये, जवळच्या निगाली सागर येथे अशोकाचा आणखी एक स्तंभलेख सापडला होता. कनकमुनी बुद्धांचा स्तूप आपण दुप्पट मोठा करविला, असे राजा त्यात सांगतो. हे कनकमुनी गौतमांच्याही पूर्वीचे, केवळ परंपरेतले बुद्ध. त्यांना कोणी ऐतिहासिक मानीत नाही. तेव्हा अशोकाचा दगड अशोककालीन श्रद्धेचा पुरावा होय. त्या श्रद्धेमागचा मनुष्य निराळ्या मार्गाने शोधला पाहिजे. कॅनडातील अभ्यासक डेव्हिड ड्र्यूज यांनी २०१७ साली बुद्धांच्या ऐतिहासिकत्वाला ठोस आधारच नाही असे प्रतिपादन करून जुना वाद पुन्हा पेटविला, तेव्हा त्यांच्या युक्तिवादाची धार हीच होती. २०१३ साली लुंबिनीच्या मंदिराखाली सापडलेल्या, इ. स. पू. सहाव्या शतकातील म्हणून सांगितल्या गेलेल्या लाकडी वास्तूनेही हे कोडे उलगडत नाही. तेथे मधोमध वृक्ष असावा असे दिसते. पण ते बुद्धपूर्व काळातील वृक्षपूजेचे ठिकाणही असू शकेल.

त्यातच, लुंबिनीच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते डॉ. फ्यूरर एका ब्रह्मी भिक्षूला बनावट अवशेष पुरवीत असल्याचे उघडकीस आले आणि १८९८ मध्ये त्यांना सरकारी नोकरी सोडावी लागली. सुदैवाने लुंबिनीच्या लेखाला त्यामुळे बाध येत नाही. त्याची लिपी व भाषा तज्ज्ञांच्या कसोटीस उतरली आहे. त्याच वर्षी पिप्राहवा येथील स्तूपात विल्यम पेपे यांना अस्थी, रत्ने आणि बुद्धांचा उल्लेख असलेला कोरीव करंडक मिळाला. मात्र अस्थी स्वतः बुद्धांच्या की त्यांच्या शाक्य आप्तांच्या, यावर विद्वानांत वाद झाला. त्यांपैकी पेपे यांच्या वंशजांकडे राहिलेली रत्ने २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावास निघाली होती. भारत सरकारच्या हरकतीनंतर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती स्वदेशी परतली.

बुद्ध आणि अशोक यांच्यामध्ये निदान शे-सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. आपल्या मंडळाला अवघी पन्नास वर्षे झाली, तरी पहिल्या गणेशोत्सवाची मूर्ती कोणी आणली याविषयी दोन ज्येष्ठ सभासदांचे एकमत होत नाही! तरीही मंडळ स्थापन करणारी माणसे होती याबद्दल कोणी शंका घेत नाही. तपशील वाढतात, बदलतात. त्यावरून मुळात काहीच नव्हते असे ठरत नाही. वाढलेले काय आणि मूळचे काय, हे निवडण्याची कसोटी मात्र हवी.

ही कसोटी मराठीत ज्यांनी लावून दाखविली ते धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळचा हा तरुण बुद्धांच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करीत सिंहलद्वीपापर्यंत गेला आणि तेथे पाली शिकला. १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी भक्तीला बाधा न आणता आख्यायिकेची साले एकेक करून सोलली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची प्रसिद्ध कथा महापदानसुत्तात आहे, पण ती विपस्सी नामक पूर्वीच्या बुद्धांची. मागाहून ती गौतमांना चिकटली. मध्यरात्री पत्नीपुत्रांना झोपेत सोडून जाणेही तसेच. अरियपरियेसनसुत्तात ते आईवडील रडत असता, त्यांच्यादेखत मुंडन करून घराबाहेर पडतात. शुद्धोदन चक्रवर्ती राजे नव्हते. शाक्यांचे लहानसे गणराज्य कोसलाच्या अंकित होते. गृहत्यागाचे कारण कोसंबींना शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीवरील भांडणात, आप्तांनी आप्तांवर उगारलेल्या शस्त्रांत दिसले. या शेवटच्या अनुमानाविषयी मतभेद होऊ शकतो. मला ते आकर्षक वाटते, निर्विवाद नव्हे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात हाच रोहिणीचा प्रसंग गृहत्यागाचा पाया म्हणून घेतला, हे विसरता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या लाखोंनी दीक्षा घेतली, त्यांना अवतार नको होता. स्वतःच्या प्रयत्नाने वाट शोधणारा मनुष्य हवा होता. म्हणून त्यांच्या दृष्टीने हा वाद केवळ पंडितांचा राहत नाही.

ड्र्यूज यांना दिलेल्या उत्तरांत मोठी मातब्बर नावे आहेत, पण मला सर्वांत बलवान उत्तर महापरिनिब्बानसुत्तातच दिसते. सूर्यदेवता कल्पिणाऱ्याने तिला ऐंशी वर्षांचे म्हातारपण दिले नसते. येथे थकवा आहे. जीर्ण गाडीप्रमाणे दोरखंडांनी कसाबसा बांधून ठेवलेला देह आहे. चुंद नावाच्या लोहाराने वाढलेले ‘सूकरमद्दव’ खाल्ल्यावर रक्ताची हगवण लागते. ते डुकराचे मांस होते की अळंबी, यावर टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्च केली. भक्तांना हा पदार्थ किती अडचणीचा वाटला असेल, हे त्यावरूनच कळते. चुंदाला कोणी दोष देऊ नये, म्हणून मरणासन्न गुरू निरोप ठेवतात. कुसिनारेसारख्या आडगावात देह ठेवू नये, चंपा किंवा राजगृहासारखी मोठी नगरे आहेत, असे आनंद काकुळतीने विनवतो. स्तुतीसाठी रचणाऱ्याला आडगाव सुचत नाही आणि हगवणही सुचत नाही.

काळाचा प्रश्न मात्र उरतोच. सिंहली परंपरेप्रमाणे परिनिर्वाण इ. स. पू. ५४४ चे; पंडितांनी हिशेब दुरुस्त करून ते बराच काळ ४८३ धरले; उत्तरेकडील परंपरा अशोकाच्या अभिषेकापूर्वी केवळ शंभर वर्षे मोजते. १९८८ साली जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे या एकाच प्रश्नावर परिषद भरली, आणि तेव्हापासून बहुतेकांचा कल इ. स. पू. ४०० च्या आसपासकडे झुकला आहे. शेवटचे अन्न वाढणाऱ्या लोहाराचे नाव आपणांस ठाऊक आहे. वर्षाचा वाद अजून मिटलेला नाही.