डळमळीत पंचाक्षरी

घर एकच, पात्रे चार-पाच, एक आजारी मुलगी, हतबल झालेला बाप आणि बाहेरून बोलावून आणलेला एक भूत काढणारा, ज्याच्या स्वतःच्याच चित्ताचा ठिकाणा नाही : अल्प भांडवलात काढलेल्या पाश्चात्त्य भयपटांचा हा आता ठरीव सांगाडा झाला आहे. विल्यम फ्रीडकिन यांच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) या चित्रपटाच्या अफाट यशावर पोसलेली ही बांडगुळे, अशी त्यांची बोळवण करण्याचा प्रघात आहे. परंतु हा प्रघात इतिहासाला धरून नाही. बाधा उतरविण्यास आलेला माणूस बाधितापेक्षाही अस्थिर असावा, ही कल्पना चित्रपटसृष्टीने निर्माण केलेली नसून ती तिच्याही आधी अडीचशे वर्षांहून अधिक काळ युरोपच्या लेखी इतिहासात नोंदलेली आहे. मराठीत अशा माणसाला पंचाक्षरी म्हणत. शिवमंत्राशी निगडित असलेला हा शब्द ख्रिस्ती धर्मगुरूला लावताना त्यातील मंत्रार्थ अर्थातच बाजूस ठेवावा लागतो. पण घरच्यांना ज्याची पारख करता येत नाही आणि ज्याच्यावाचून त्यांचे चालतही नाही असा परका जाणकार, ही त्या शब्दाची छटा येथे नेमकी उपयोगी पडते.

१६१४ साली पोप पाचवा पॉल याच्या कारकिर्दीत रोमन विधिग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात भूतनिवारणाचा विधी सांगताना प्रथम कोणता विचार केला असेल, तर तो विधी करणाऱ्याच्या योग्यतेचा. तो धर्मनिष्ठ, विवेकी व निर्मळ आचरणाचा असावा. समोरच्याला भूतबाधाच झाली आहे असे त्याने सहजासहजी मानू नये. सैतानाशी निरर्थक संभाषण करू नये आणि हा प्रकार गर्दीसमोर मांडू नये, असे त्या नियमांचे सार आहे. नियम ज्या गोष्टीला मनाई करतो ती गोष्ट घडत असली पाहिजे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. पुरती वीस वर्षेही लोटली नाहीत तोच या सर्व नियमांचा भंग फ्रान्समधील एका लहानशा गावात, राजसत्तेच्या आश्रयाने व हजारो प्रेक्षकांच्या साक्षीने झाला.

ते गाव म्हणजे लूदँ. १६३२ साली तेथील उर्सुलाइन जोगिणींच्या मठात बाधेची लक्षणे दिसू लागली. मठाची प्रमुख झान दे झांज व तिच्या सोबतिणी यांनी आपल्याला झपाटणाऱ्याचे नाव घेतले, ते गावातील रूपवान, वाक्पटू व अनेकांशी वैर ओढवून घेतलेल्या उर्बँ ग्रांदिए या धर्मगुरूचे. कार्डिनल रिशल्यू याचा हस्तक लोबारदमाँ गावात आला, खटला उभा राहिला आणि १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदिएला जिवंत जाळण्यात आले. पण भुते गेली नाहीत. ज्याच्यावर ती पाठविल्याचा आरोप होता तो राख झाल्यावरही जोगिणी चर्चमध्ये गडाबडा लोळत राहिल्या व त्यांना पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येत राहिले. ग्रांदिएच्या छळात पुढाकार घेणारा फादर लाक्तांस महिन्याभरातच बुद्धिभ्रंश होऊन मरण पावला. काही वर्षांनी त्याचा सहकारी फादर त्राँकीय याचीही तीच गत झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात झां-झोझेफ स्यूराँ हा जेझुइट लूदँला आला. तो १६०० साली बोर्दो येथे जन्मलेला, प्रकृतीने नाजूक, डोकेदुखीने गांजलेला व ध्यानमार्गाकडे ओढा असलेला माणूस होता. त्याला पाठविणाऱ्यांनी विधिग्रंथाची कसोटी लावली असती तर धर्मनिष्ठेत तो उत्तम उतरला असता. विवेकाविषयी मात्र शंका राहिली असती. त्याची पद्धत पूर्वसूरींहून निराळी होती. गर्जना, धमक्या व जाहीर खेळ यांऐवजी तो झानच्या कानाशी हळू आवाजात प्रार्थना म्हणे आणि तिला अंतर्मुख होण्यास शिकवी. परंतु तिच्या यातना आपल्यावर याव्यात अशी प्रार्थनाही त्याने केली. आणि १६३५ साली ती फळाला आल्याची त्याची खात्री पटली. एका पत्रात त्याने आपल्या अवस्थेचे वर्णन केले आहे : दुसरा कोणी आत्मा आपल्या आत्म्याशी एकजीव झाला आहे, आणि एकाच वेळी परम शांती व परम संताप आपण अनुभवीत आहोत, असा त्याचा आशय आहे. १६३७ साली झान बाधामुक्त झाली व पुढच्याच वर्षी, हातावर उमटलेली पवित्र नावे मिरवीत, फ्रान्सभर सन्मानाची यात्रा करून आली. स्यूराँ मात्र जवळजवळ वीस वर्षे आजारी राहिला. लिहिणे, चालणे, कधी कधी बोलणेही त्याला अशक्य झाले. १६४५ साली साँ-माकेर येथील जेझुइट निवासाच्या खिडकीतून त्याने खाली उडी घेतली. मांडीचे हाड मोडले, पण जीव वाचला. रोगी बरा होतो आणि वैद्य खाटेला खिळतो, हा या कथेचा खरा गाभा होय. ग्रांदिएची चिता तिची केवळ प्रस्तावना आहे.

आधुनिक कलेने लूदँकडे वळताना बहुधा चितेकडेच पाहिले. ऑल्डस हक्स्ले यांचा ग्रंथ (१९५२) स्यूराँला न्याय देतो. परंतु त्यावर आधारलेल्या केन रसेल यांच्या ‘द डेव्हिल्स’ (१९७१) या चित्रपटाचा सारा झोत ग्रांदिएवर आहे. स्यूराँचे मर्म ओळखले ते पोलिश लेखक यारोस्वाव्ह इवाश्किएविच यांनी. त्यांनी कथा पोलंडच्या पूर्व सीमेकडील प्रदेशात नेली, आणि तिच्यावरून येझी कावालेरोविच यांनी १९६१ साली ‘मदर जोन ऑफ द एंजल्स’ हा चित्रपट केला. त्याला कान महोत्सवात विशेष पारितोषिक मिळाले. ओसाड माळ, पांढऱ्या वस्त्रांतील जोगिणी, एक मठ व एक खानावळ एवढ्याच सामग्रीवर हा चित्रपट उभा आहे. त्यातील फादर सूरिन सल्ल्यासाठी एका ज्यू रब्बीकडे जातो आणि ते दोघेही एकाच नटाने, म्येचिस्वाव्ह व्हॉइट यांनी, साकारले आहेत. प्रश्न विचारणारा व उत्तर नाकारणारा यांचा चेहरा एकच आहे, हे कळावयास प्रेक्षकाला एकाही संवादाची गरज लागत नाही. शेवटी भुते आपल्याचपाशी अडकून राहावीत म्हणून सूरिन कुऱ्हाडीने दोन निरपराध मोतद्दारांचा जीव घेतो. जोनवरील प्रेमाने तो हे करतो, आणि म्हणूनच ते कृत्य पाहवत नाही.

‘द एक्झॉर्सिस्ट’मधील फादर कॅरस हा जेझुइट व मानसोपचारतज्ज्ञही आहे, आईच्या मृत्यूने खचलेला व श्रद्धेत डळमळलेला आहे, तोही सैतानाला स्वतःत बोलावतो आणि खिडकीतून उडी घेतो. हे साम्य अपघाती असो वा नसो, स्यूराँचा सांगाडा येथे पुरा सापडतो.

पुढे स्वस्त भयपटाने यात एक नवी भर घातली, ती व्यवहाराची. डॅनियल स्टॅम यांचा ‘द लास्ट एक्झॉर्सिझम’ (२०१०) सुमारे अठरा लाख डॉलरांत तयार झाला व त्याने सहा कोटींहून अधिक कमावले. विधी म्हणजे मुख्यतः बोलणे असल्यामुळे भूतनिवारणाचा चित्रपट स्वस्तात होतो, हे त्यामागचे साधे अर्थशास्त्र. कथेतील कॉटन मार्कस हा लुइझियानातील धर्मोपदेशक लहानपणापासून व्यासपीठावर वाढला आहे; प्रवचनाच्या ओघात केळ्याच्या पावाची कृती सांगितली तरी श्रोते जयजयकार करतात, हे तो हसत हसत दाखवितो. मुलाच्या आजारपणात आपण देवाऐवजी डॉक्टरचे आभार मानले, हे लक्षात आल्यापासून त्याची श्रद्धा संपलेली आहे. विधीत एक मूल दगावल्याची बातमी वाचून तो हा धंदा उघडा पाडण्याचे ठरवितो आणि माहितीपट काढणाऱ्यांना बरोबर घेऊन एका शेतकऱ्याच्या घरी जातो. धूर सोडणारा क्रूस, लपविलेले ध्वनिवर्धक, अदृश्य तारा : विधी पार पडतो, बाप पैसे मोजतो आणि मुलगी बरी होत नाही.

या चित्रपटाच्या शेवटावर पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती अनाठायी नाही; संदिग्धता टाकून तो एकदम अग्निकुंडे व पंथोपपंथ यांच्या आहारी जातो. परंतु मधल्या तासाभरात त्याने जे साधले आहे ते थोडके नाही. मार्कसला भूत दिसत नाही, पण लज्जेने कोंडलेली एक मुलगी व बंदूक घेऊन वावरणारा तिचा बाप त्याला स्पष्ट दिसतात. तिला डॉक्टरकडे न्यावे असे तो परोपरीने सांगतो. त्या घरात या सत्याला कोणी गिऱ्हाईक नाही. बापाने त्याला बोलावले आहे ते विधीसाठी.

हा प्रश्न केवळ पडद्यावरचा नाही. बव्हेरियातील क्लिंगेनबर्ग येथे १९७५–७६ मध्ये अपस्माराचे निदान झालेल्या एका विद्यार्थिनीवर बिशपच्या संमतीने दहा महिन्यांत ६७ वेळा हा विधी करण्यात आला. १ जुलै १९७६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, उपासमारीने ती मरण पावली. १९७८ साली तिचे आईबाप व दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवून सहा महिन्यांची स्थगित शिक्षा देण्यात आली. या घटनेवरून स्फुरलेल्या हान्स-क्रिस्टियान श्मिड यांच्या ‘रेक्विएम’ (२००६) या जर्मन चित्रपटात सैतानाचे दर्शन कोठेही घडत नाही, आणि विधी मुळात सुरू होतो न होतो तोच चित्रपट थांबतो.

लिअम गॅव्हिन यांच्या ‘अ डार्क साँग’ (२०१६) या आयरिश चित्रपटाने सांगाडाच उलटा केला. येथे भूत काढावयाचे नसून देवदूताला बोलवावयाचे आहे. पुत्रशोकाने जळणारी सोफिया वेल्समधील एकाकी घर भाड्याने घेते व सॉलोमन नावाच्या मद्यपी, तिरसट मांत्रिकाला पैसे देऊन आणते. घराभोवती मिठाचे रिंगण आखले जाते. विधी संपेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, ते कोणी ओलांडावयाचे नाही. तो तिचा अपमान करतो, छळ करतो. विधीचे ज्ञान व निव्वळ क्रौर्य यांची सीमा कोठे आहे हे तिला कळत नाही, प्रेक्षकालाही नाही. तीही आपला खरा हेतू, सूड, त्याच्यापासून लपविते. झटापटीत सुरा लागून तो जखमी होतो आणि जखम चिघळून मरतो. विधी अर्धाच राहिलेला आहे आणि पुढे काय करावे हे सांगणारे कोणी उरलेले नाही. सोफिया निघून जाण्याचा प्रयत्न करते, रस्ता पुन्हा त्याच घरापाशी येतो, आणि ती आत जाते.