पर्णवृद्धी, प्रकाश व हॉर्मोने : संशोधनाचा इतिहास

पर्णवृद्धी, प्रकाश व हॉर्मोने : अंधारात रुजविलेले वाटाण्याचे रोप उंच, किरकोळ व पिवळट होते आणि त्याची पाने अगदी लहान राहतात. उजेडातील रोपाचे खोड आखूड, परंतु पाने हिरवी व रुंद असतात. अंधारातील या अवस्थेला पांडुरता म्हणतात. एकाच प्रकाशाने खोडाची वाढ रोखली जावी आणि पानाची मात्र वाढावी, हा विरोधाभास उलगडण्याच्या प्रयत्नांतून वनस्पतींच्या वाढीविषयीच्या अनेक मूलभूत कल्पना स्पष्ट झाल्या.

स्विस निसर्गवैज्ञानिक शार्ल बॉने (१७२०–९३) यांनी पानांच्या कार्यासंबंधीच्या आपल्या १७५४ मधील ग्रंथाच्या काळात पांडुरतेवर प्रयोग केले. पुढे प्रकाशसंश्लेषणाचे (प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याच्या क्रियेचे) स्वरूप कळू लागल्यावर अंधारातील पान केवळ अन्नाअभावी खुरटते, असे मानणे स्वाभाविक होते. तथापि बीजात भरपूर अन्नसाठा असूनही अंधारात खोडच वाढते, पान वाढत नाही, ही अडचण उरली. जर्मन वनस्पतिवैज्ञानिक यूलिउस झाक्स (१८३२–९७) यांनी १८८० च्या सुमारास प्रत्येक अवयवाच्या निर्मितीस विशिष्ट द्रव्ये कारणीभूत असावीत, अशी कल्पना मांडली. हॉर्मोनांच्या संकल्पनेची ही पूर्वपीठिका होय.

चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांच्या १८८० मधील प्रयोगांपासून सुरू झालेल्या संशोधनाची परिणती फ्रिट्स वेंट यांनी १९२६–२८ मध्ये उत्रेख्त येथे ऑक्सिन या वृद्धिकारक द्रव्याचे अस्तित्व सिद्ध करण्यात झाली. ऑक्सिनामुळे कोवळ्या खोडाच्या लांबीतील वाढीचा उलगडा झाला. पानाच्या पात्याच्या विस्ताराचा मात्र समाधानकारक उलगडा त्यातून झाला नाही. म्हणून बॉनर, हागेन-स्मिट व वेंट यांनी १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात मुळ्याच्या पानांच्या चकत्यांवर प्रयोग करून पर्णवृद्धिकारक द्रव्यांचा स्वतंत्र शोध घेतला. ॲडेनीन हे संयुग त्या दृष्टीने परिणामकारक ठरले.

प्रकाशाच्या बाजूने निर्णायक पुरावा अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील कृषिसंशोधन केंद्रात मिळाला. एम्. डब्ल्यू. पार्कर, एस्. बी. हेंड्रिक्स व एच्. ए. बॉर्थविक यांनी वेंट यांच्या सहकार्याने १९४९ मध्ये असे दाखविले की, पांडुर वाटाण्याचे पान वाढविण्यास व खोड रोखण्यास वर्णपटाचा तांबडा भागच सर्वांत परिणामकारक असतो आणि फुलोऱ्याचे नियमनही त्याच भागाने होते. तांबड्या (सु. ६६० नॅनोमीटर) प्रकाशाचा परिणाम दूर-तांबड्या (सु. ७३० नॅनोमीटर) प्रकाशाने नाहीसा होतो, हे १९५२ मध्ये सॅलडच्या बियांत, तर १९५५ मध्ये घेवड्याच्या पानांच्या चकत्यांत आढळले. अल्पकाळच्या प्रकाशाने सुरू होणारा व तसाच उलटविता येणारा हा परिणाम अन्ननिर्मितीचा असू शकत नाही. येथे प्रकाश हा संकेत ठरतो. तो ग्रहण करणारे फायटोक्रोम हे रंजकद्रव्य १९५९ मध्ये प्रत्यक्ष ओळखण्यात आले.

ॲडेनिनाचाच अनुजात (त्यापासून बनणारे संयुग) असलेले कायनेटीन १९५५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मिळाले. त्याचे व तांबड्या प्रकाशाचे काही परिणाम सारखेच असल्याचे सी. ओ. मिलर यांनी १९५६ मध्ये नमूद केले. कायनेटिनाने पांडुर पानांच्या चकत्याही विस्तारतात. सातूच्या पानांत तांबड्या प्रकाशाने जिबरेलिनांची निर्मिती वाढते, असे १९६८ मध्ये दिसून आले. घेवड्याच्या पानातील कोशिका प्रकाशात हायड्रोजन आयन बाहेर टाकतात, त्यामुळे कोशिकाभित्ती सैल होते व कोशिका प्रसरण पावते, हे १९८० मध्ये व्हॅन व्होल्केनबर्ग व क्लेलंड यांनी दाखविले.

यानंतर आनुवंशिकीने प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील लहान ओषधीचे, अंधारातही आखूड खोडाचे व उमललेल्या पानांचे एक उत्परिवर्तित वाण १९९१ मध्ये वर्णिले गेले. त्यात ब्रॅसिनोस्टेरॉइड हॉर्मोनांच्या निर्मितीस लागणाऱ्या एंझाइमाचा अभाव असल्याचे १९९६ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे पांडुरता ही निव्वळ उणीव नसून हॉर्मोनांनी टिकवून ठेवलेली अवस्था आहे. मातीखालील अंकुराला पाने न पसरता लवकर उजेडापर्यंत पोहोचता येते, हा तिचा उपयोग होय.

शेतातील दाट पिकातही हीच यंत्रणा कार्य करते. वरची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात व दूर-तांबडा खाली जाऊ देतात. अशा सावलीत ऑक्सिनाच्या प्रभावाने कोवळ्या पानातील सायटोकायनिनांचा (कायनेटिनासारख्या हॉर्मोनांचा) ऱ्हास होऊन पानाची वाढ काही काळ थांबते, असे ॲराबिडॉप्सिसवरील प्रयोगांत २००७ मध्ये दिसून आले. खोड वाढविणारे ऑक्सिन येथे पानाला आवर घालते. एकाच संकेताचा अर्थ प्रत्येक अवयव वेगळा लावतो, हे या संशोधनाचे फलित असून रोपांतील अंतर ठरविताना व बंदिस्त लागवडीत दिव्यांचा रंग निवडताना त्याचा उपयोग होतो.